वेताळ टेकडीवरचा हा पक्षी कोणता? आणि फोटो कुणाचा?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. सोबतचा फोटो दोन दिवसांपासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली मजकूर आहे, "पुण्यात प्रथमच! हिमालयातून आलेला दुर्मिळ ससाणा, वेताळ टेकडी." मी टेकडीवर नेहमी जाते, पण असा पक्षी माझ्या पाहण्यात नाही.

मोबाइलवर फोटो नीट उघडत नसेल तर वर्णन देते. गिरिपुष्पाच्या फांदीवर बसलेला, साधारण कबुतराएवढा. पाठ तपकिरी, पिसांच्या कडा तांबूस. छाती पांढुरकी, तिच्यावर तपकिरी उभ्या रेघोट्या आणि पोटाकडे बाणाच्या टोकासारख्या खुणा. शेपटी लांब, आडव्या पट्ट्यांची. पाय पानाआड गेलेत.

मला दोन गोष्टी हव्यात. पक्षी कोणता, आणि फोटो कुणी काढला? उजव्या कोपऱ्यात खाली नाव असावं, तिथली पानं पुसल्यासारखी दिसतात. ज्यांचा फोटो आहे त्यांचं नाव इथे लागायला हवं, म्हणून मुद्दाम विचारतेय.

बाणेरकर
शिक्रा. लहान वयाचा. आमच्या गच्चीवर येतो.

दुर्बीण
ससाणा नाही हे आधी नक्की करू. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात, बसल्यावर शेपटीच्या टोकाजवळ पोचतात. डोळ्याखाली बहुतेकांना मिशीसारखा गडद पट्टा असतो. इथे दोन्ही नाही. त्यामुळे "हिमालयातून आलेला" वगैरे सगळं सोडून द्या.

बाणेरकर म्हणतात तसा शिक्र्याचा संशय येणं साहजिक आहे. शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवर अशाच तपकिरी खुणा असतात आणि गळ्यावर मधोमध एक गडद रेघ असते. पण चोचीकडे बघा. शिकारी पक्ष्याची चोच आखूड असते आणि मुळापासूनच खाली वळते. ही चोच त्यामानाने लांब, सरळ, फक्त टोकाशी किंचित वाकलेली. मला हा पावशा वाटतो, या वर्षीचं पिल्लू.

सदाशिवपेठी
पावशा म्हणजे तोच ना, पावसाच्या आधी "पेरते व्हा" ओरडणारा? तो असा दिसतो होय! आयुष्यभर आवाज ऐकला, पक्षी कधी दिसला नाही.

दुर्बीण
काका, बहुतेकांचं तसंच आहे. मार्चपासून जूनपर्यंत रात्री-अपरात्रीसुद्धा ओरडतो, आवाज चढत चढत जातो आणि एकदम तुटतो. पण बसतो दाट पानांत, आणि दिसला तरी लोक त्याला शिक्रा समजून पुढे जातात. मोठा पावशाही वरून राखाडी, छातीवर तांबूस पट्टे, अगदी शिक्र्यासारखा. उडण्याची आणि फांदीवर येऊन बसण्याची ढबसुद्धा तशीच. लहान पक्षी त्याला बघून शिक्रा आल्यासारखाच गलका करतात.

बाणेरकर
चोचीवरून मला पटत नाही. हा फोटो इतक्यांदा फॉरवर्ड झालाय की चोचीच्या कडाच राहिलेल्या नाहीत. पाय दिसले असते तर वाद मिटला असता. शिक्र्याचे पाय मजबूत, पिवळे, नख्या लांब. पावशा कोकिळेच्या कुळातला, त्या पक्ष्यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे. तोवर मी शिक्र्यावर ठाम आहे.

कोथरूड_डेपो
ॲपला विचारा की. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये फोटो टाकला, त्याने पहिलं नाव शिक्र्याचं दिलं आणि दुसरं पावशाचं.

दुर्बीण
मर्लिन फोटो घेतल्यावर कुठे आणि कधी काढलाय तेही विचारतं. तुम्ही काय भरलंत?

कोथरूड_डेपो
पुणे, आणि आजची तारीख.

दुर्बीण
तिथेच अडतं बघा. फोटो आज फिरतोय, पण काढला कधी ते आपल्यातल्या कुणालाच माहीत नाही. पाच वर्षांपूर्वीचा असेल, नाशिकचा असेल. पक्षी ओळखताना तारीख आणि जागा हा निम्मा पुरावा असतो, आणि तो फोटो काढणाऱ्याकडेच असतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा, जागा ही सगळी माहिती निघून जाते. म्हणून मुठाकाठ यांचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. फोटो कुणाचा हे कळलं की पक्षी कोणता हे कळायला वेळ लागणार नाही.

सरळसोट
नाव शोधण्यात एवढी शक्ती कशाला घालवायची? पक्षी निसर्गाचा, टेकडी सगळ्यांची. कुणीतरी बटण दाबलं, आपण बघितलं, आनंद झाला. ज्याला नावाची एवढी काळजी त्याने फोटो पाठवूच नये. आणि अगदीच वाटलं तर "आंतरजालावरून साभार" लिहायचं, झालं.

काळाकोट
सरळसोट, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण "साभार" हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे.

भारतात प्रताधिकार कायदा 1957 चा आहे. त्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. फोटो निघाला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव नसलं तरी हक्क जात नाही. काढणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं तो टिकतो. पक्षी कुणाच्याच मालकीचा नाही हे बरोबर, पण हक्क पक्ष्यावर नसतोच, त्या चित्रावर असतो. तुम्ही त्याच फांदीवरच्या त्याच पक्ष्याचा दुसरा फोटो काढा, तो तुमचा.

अपवाद आहेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो मालकाचा. खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. इथे ओळख विचारण्यासाठी फोटो दाखवून चर्चा करणं माझ्या मते त्या मुभेच्या जवळ जातं. तोच फोटो दिवाळी अंकात किंवा दुकानाच्या जाहिरातीत छापणं जात नाही.

आता नावाचं. कलम 57 प्रमाणे कर्त्याला "हे माझं आहे" म्हणण्याचा वेगळा हक्क आहे. आर्थिक हक्क विकून टाकले तरी हा त्याच्याकडेच राहतो. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर कर्त्याचं नाव वगैरे हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कोपरा पुसून पुढे पाठवणाऱ्याने हे वाचावं.

"आंतरजालावरून साभार" यात आभार नेमके कुणाचे मानले? आंतरजाल कुणी व्यक्ती नाही. आणि खरं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. दोन्ही वेगळं मागावं लागतं.

सरळसोट
कायदा समजला. पण सोसायटीच्या ग्रुपवरची आजी परवानगी कुठे मागणार? सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका एवढंच म्हणणं आहे.

काळाकोट
ते मान्यच आहे. आजींना कुणी कोर्टात नेत नाही. पण पुसणारा आणि पाठवणारा यांत फरक आहे. नाव असलेला फोटो आला तर नावासकट पुढे द्यावा, एवढं आजीसुद्धा करू शकतात.

औंधची_सई
मालक शोधायचा सोपा मार्ग: गूगल लेन्समध्ये फोटो टाकून बघा. मोठ्या आकाराची, जुनी प्रत मिळाली तर ती मूळच्या जवळची. त्यात नाही सापडलं तर फॉरवर्डची साखळी उलटी धरायची. "तुम्हाला कुणी पाठवला?" असं एकेकाला विचारत मागे जायचं. वेळ जातो, पण पुण्यातलाच फोटो असेल तर चार-पाच माणसांत सापडतो.

एक सावधगिरी. आधी हा फोटो खरा आहे का तेही बघा. मध्यंतरी "मोराचं पिल्लू" म्हणून निळंजांभळं, इवल्या पिसाऱ्याचं गोंडस पाखरू सगळीकडे फिरत होतं. ते संगणकाने बनवलेलं चित्र. मोराची खरी पिल्लं मातकट, तपकिरी असतात, कोंबडीच्या पिल्लांसारखी. अशा चित्रांना काढणारा कुणी नसतोच, त्यामुळे "कुणी काढला" याचं उत्तर मिळत नसेल तर तीही एक खूण समजा.

सदाशिवपेठी
विषय निघालाच आहे तर आमच्या वाड्यामागच्या आंब्यावरचा पक्षी सांगा कुणीतरी. मोठा, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, डोळे लालबुंद. कावळे त्याच्या मागे लागतात. शेजारी म्हणतात घार.

औंधची_सई
काका, ती कोकिळेची मादी! काळा असतो तो नर, आणि "कुहू" तोच गातो. मादी ठिपक्यांची. कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालते म्हणून कावळे हाकलतात.

सदाशिवपेठी
म्हणजे आम्ही घार म्हणून कोकिळेलाच हुसकावत होतो! आज घरात सगळ्यांना सांगतो.

दुर्बीण
नावासाठी एवढी शक्ती कशाला, असं वर सरळसोट यांनी विचारलं. त्यावर आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट सांगतो. पक्षीनिरीक्षण करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

रानपिंगळा हे छोटं घुबड. 1873 मध्ये ॲलन ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तेव्हा रानातल्या पक्ष्याचा फोटो काढणं सोपं नव्हतं, पक्षी मारून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून संग्रहालयात ठेवत. चिठ्ठीवर कुणी, कुठे, कधी मिळवला ते लिहायचं. 1880 च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने यातले काही नमुने मिळवले. त्यानंतरचा एकच नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याचा. चिठ्ठीवर 1914 आणि गुजरातेतलं मांडवी. पुढे लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर गुजरातेत शोधत राहिले, पक्षी काही मिळाला नाही. नामशेष झाला असं धरलं गेलं.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी जुने नमुने बारकाईने तपासले. माइनर्ट्झहागेनचा नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. डेव्हिडसनचाच एक पक्षी नव्याने भरून, स्वतःची चिठ्ठी लावून ठेवलेला. ती खोटी नोंद बाजूला काढली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. शंभराहून जास्त वर्षांनी!

डेव्हिडसनचं नाव पुसलं गेलं तेव्हा त्याच्यासोबत पक्ष्याची जागाही पुसली गेली. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव पुसणाऱ्याला आपण नेमकं काय पुसतोय याची कल्पना नसते.

बाणेरकर
ही गोष्ट इतक्या तपशिलात माहीत नव्हती. धन्यवाद.

कोथरूड_डेपो
मूळ फोटोत परत येतो. कुणाच्या लक्षात आलं का, डाव्या काठाला अगदी कडेला एक मातकट राखाडी डाग आहे? मला आधी पान वाटलं. मोठं करून बघितलं तर पिसं वाटतात. फोटो तिथे कापलाय. शेजारी दुसरा पक्षी बसलेला असणार.

दुर्बीण
शाब्बास! हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मातकट राखाडी आणि इतक्या जवळ, म्हणजे सातभाई असू शकतो. तसं असेल तर चित्रच बदलतं. पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो. दोघांचीही अंडी निळी. पिल्लू उडायला लागल्यावरही सातभाई त्याला भरवत फिरतात.

औंधची_सई
पण सातभाईच्या घरट्यात चातकही अंडी घालतो ना? मग चातकाचं पिल्लू का नाही?

दुर्बीण
चांगला प्रश्न. चातकाच्या पिल्लाची पाठ काळपट, पोट फिकट आणि रेघोट्यांशिवाय. डोक्यावर लहानसा तुरा आणि पंखावर पांढरा ठिपका दिसतो. आपल्या फोटोतली रेघाळ छाती आणि पट्ट्यांची शेपटी चातकाची नाही.

मुठाकाठ
सईने सांगितल्याप्रमाणे साखळी उलटी धरली. आमच्या ग्रुपवर टाकणाऱ्या काकांना त्यांच्या मेहुण्यांकडून आला, मेहुण्यांना चालण्याच्या ग्रुपवरून, आणि तिथल्या एकांनी सांगितलं की मूळ फोटो टेकडीवर नेहमी येणाऱ्या एका ताईंचा. त्यांना निरोप गेलाय, या धाग्याचा दुवाही.

पायवाट
नमस्कार. निरोप मिळाला, सगळा धागा वाचला. फोटो माझा आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला काढलेला. न कापलेला फोटो खाली जोडतेय.

डावीकडे सातभाई आहे, चोचीत अळी. मी सुमारे अर्धा तास लांब बसून होते. पिल्लू सतत चिरक्या आवाजात मागत होतं आणि दोन सातभाई आळीपाळीने भरवत होते. पुढच्या फोटोत पानं हललीत, त्यात पायही दिसतात. मी खाली "पावशाचं पिल्लू आणि सातभाई" असं लिहून, माझ्या नावानिशी, फक्त आमच्या चालण्याच्या ग्रुपवर टाकला होता. सातभाई कुणी कापला, नाव कुणी पुसलं आणि "हिमालयातला ससाणा" कुणी लिहिलं ते मला माहीत नाही.

याचं वाईट वाटतं ते असं की फोटोतली खरी गोष्टच गेली. आपल्यापेक्षा मोठं झालेलं परक्याचं पोर ते दोघे जिवापाड भरवत होते. मला तेच दाखवायचं होतं. पूर्वी एका दिनदर्शिकेत माझा सुगरणीचा फोटो न विचारता छापला गेला. विचारल्यावर उत्तर आलं, "नेटवर होता." इथे कुणीतरी नाव शोधत माझ्यापर्यंत आलं, हे फार बरं वाटलं. नाव म्हणून इथलं "पायवाट"च लिहा.

बाणेरकर
पाय स्पष्ट आहेत, दोन पुढे दोन मागे. पावशाच. फोटो अप्रतिम, ताई.

मुठाकाठ
ताई, मनापासून आभार. वरचा कापलेला फोटो काढून तुमचा पूर्ण फोटो लावलाय. खाली "छायाचित्र: पायवाट, वेताळ टेकडी, ऑगस्ट" असं लिहिलंय. सोसायटीच्या ग्रुपवरही खरी माहिती टाकली. काकांनी लगेच त्यांच्या मेहुण्यांना कळवलं.

सरळसोट
पूर्ण फोटो आधी पाहिला असता तर मी वेगळं लिहिलं असतं. पण एक विचारतो. नाव मोठ्या अक्षरांत फोटोच्या मधोमध का टाकत नाही? मग पुसता येणार नाही.

पायवाट
मधोमध टाकलं की पक्षी झाकला जातो. छातीच्या खुणा, चोच, डोळा हेच तर ओळखायला हवं असतं. मी कोपऱ्यात लहानसं टाकते. आता मूळ फोटो ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या नोंदीसोबत चढवते. तिथे हक्क आपल्याकडेच राहतो, तारीख आणि जागा फोटोला बांधलेली राहते, आणि वेगळी नोंद असेल तर जाणकार तपासून बघतात. ग्रुपवर फोटोऐवजी नोंदीचा दुवा द्यायचा.

औंधची_सई
आणि ज्यांना आपले फोटो इतरांनी वापरलेले चालतात त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावावा. विकिमीडिया कॉमन्सवर असे ढीगभर फोटो आहेत. पण फुकट म्हणजे बेनावी नव्हे हं. बहुतेक परवान्यांत काढणाऱ्याचं नाव आणि परवाना दोन्ही लिहावं लागतं.

कोथरूड_डेपो
जागा लिहिण्याबद्दल मला शंका आहे. दुर्बीण म्हणतात जागा महत्त्वाची. पण नेमकी जागा लिहिली की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. घुबडाच्या ढोलीसमोर मी ती पाहिलीय.

दुर्बीण
रास्त आहे. उडणाऱ्या पावशाला "वेताळ टेकडी" लिहिल्याने काही होत नाही. घरटं, घुबडाची ढोली, विणीच्या काळातला पक्षी असेल तर उघड्यावर फक्त "पुणे जिल्हा" लिहावं आणि नेमकी जागा स्वतःच्या वहीत ठेवावी. घरट्याचे फोटो तर टाकूच नयेत असं माझं मत आहे. आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको.

पायवाट
सहमत. घरटं मलाही ठाऊक नाही, आणि मी शोधलंही नाही.

मुठाकाठ
ताई, अजून एक. आमच्या सोसायटीची छापील पत्रिका निघते, शंभरेक प्रती, विक्री नाही. तुमचा फोटो आणि सातभाईची माहिती त्यात घेतली तर चालेल का? नाही म्हणालात तरी हरकत नाही.

पायवाट
विचारलंत म्हणून आनंदाने हो. या एका अंकापुरती परवानगी समजा. नाव फोटोखालीच छापा, शेवटच्या पानावर नको. आणि फोटो कापू नका, जागा कमी पडली तर लहान करा. दोघंही दिसले पाहिजेत.

मुठाकाठ
नक्की. पान जुळवलं की छापण्याआधी तुम्हाला पाठवते. मजकूर दुर्बीण यांनी एकदा तपासावा अशी विनंती.

दुर्बीण
पाठवा. रविवारपर्यंत बघून देतो.